‘पुढे काय’ची ओळ: बारावी कॉमर्सच्या निरोप पुस्तिकेतलं एक प्रकरण

ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला असलेल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवते. हे प्रकरण जानेवारी 2025 मधलं आहे. तेव्हा मी बारावी कॉमर्सच्या एका तुकडीची क्लास टीचर होते. मुलांची नावं इथे दिलेली नाहीत. ज्यांना ती ओळखू यायची त्यांना नावाशिवायही ओळखू येतील.

आमच्याकडे निरोप समारंभाला एक पुस्तिका निघते. एका पानावर दोन मुलं. वर पासपोर्ट साइज फोटो, खाली क्लास टीचरने लिहिलेलं साठ-सत्तर शब्दांचं शब्दचित्र आणि शेवटी ठळक अक्षरात एक ओळ: ‘पुढे काय’. ही ओळ मुलांनी स्वतः द्यायची. बोर्डाची लेखी परीक्षा त्या वर्षी 11 फेब्रुवारीला सुरू होणार होती. म्हणजे प्रिलिमचे पेपर तपासून होतात न होतात तोच हे काम अंगावर येतं, आणि स्टेशनजवळचा डीटीपीवाला त्याच सुमारास लग्नपत्रिकांमध्ये बुडालेला असतो.

शब्दचित्रं लिहायला मला आवडतं. दिवाळीची सुट्टी संपली की मी एक छोटी वही पर्समध्ये ठेवते आणि वर्गात जे दिसेल ते टिपते. कोण डबा उघडायच्या आधी शेजारच्याचा उघडतो, कोण हजेरीला ‘प्रेझेंट’ न म्हणता नुसता हात वर करतो, असलं काहीबाही. हुशार, नम्र, मनमिळाऊ हे शब्द वापरायचे नाहीत असा माझा नियम आहे. ते लिव्हिंग सर्टिफिकेटवर छापलेले असतातच.

त्या वर्षीची काही मुलं सांगते, म्हणजे पुस्तिकेचा सूर कळेल.

एक मुलगा ढोल-ताशा पथकात होता. बाकावर बोटांनी सतत काहीतरी वाजवत असायचा आणि त्यापायी प्रत्येक विषयाच्या वर्गातून एकदा तरी बाहेर गेला होता. त्याची ओळ होती ‘सीए’. मला वाटलं, घरून सांगून पाठवलंय. म्हणून जरा उलटसुलट विचारलं, तर त्याला सगळं पाठ. फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, चार पेपर, प्रत्येकात किमान 40 टक्के आणि एकूण 50. परीक्षा आता वर्षातून तीनदा होते, आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, दोन वर्षांची झाली आहे. ‘पथकात पण तसंच आहे मॅडम, एकटा ढोल चांगला वाजून चालत नाही, सगळ्यांचं मिळून जमायला लागतं.’ ते वाक्य मी त्याच्या शब्दचित्रात जसंच्या तसं घातलं.

दुसरा गोविंदा. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा, हंडीला कायम सगळ्यात खालच्या थरात. फोटोत त्याचं फक्त डोकं दिसतं आणि त्यावर दुसऱ्याचा पाय. त्याने लिहिलं होतं: ‘पोलीस. भरती निघेल तेव्हा.’ पहाटे उपवन तलावाला फेऱ्या मारून तो कॉलेजला यायचा, कारण मैदानी चाचणीत 1600 मीटर धावायचं असतं. अठरा पूर्ण व्हायला त्याला काही महिने कमी होते आणि ते तो कैद्यासारखे मोजत होता. ‘भरती निघेल तेव्हा’ हे तीन शब्द आमच्या उपप्राचार्यांना नकारात्मक वाटले. मला तेच त्या ओळीतले सगळ्यात खरे वाटले. ठेवले.

दिव्याहून येणारी मुलगी वर्षभर दहा मिनिटं उशिरा आली. सकाळच्या गर्दीत दिव्याला लोकलमध्ये शिरणं हा काय प्रकार आहे हे ज्याला माहीत आहे त्याने तिला कधी बोल लावला नाही. तिची ओळ: ‘पुढे काय: खिडकीची सीट.’ एकाने नुसतं ‘कॅनडा’ लिहिलं. कॅनडात काय, असं विचारल्यावर म्हणाला, ‘मामा.’

नऊ जणांनी ‘बीएमएस’ लिहिलं होतं. त्यातून एक उपयोग झाला, तो सांगायला हवा. 2024 पासून बीएमएस, बीबीए, बीसीए या अभ्यासक्रमांना राज्याच्या सीईटी कक्षाची वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्याआधी बारावीच्या टक्क्यांवर काम भागायचं, आणि मोठ्या भावंडांचं तसंच भागलेलं असल्यामुळे घरात कुणाला पत्ता नसतो. नऊपैकी पाच जणांना ही परीक्षा आहे हेच ठाऊक नव्हतं. त्या दुपारी आयटीच्या लॅबमध्ये बसून पाचही जणांचे अर्ज भरले. ‘पुढे काय’ या शोभेच्या ओळीचा मी पाहिलेला हा पहिला व्यावहारिक फायदा.

आता मूळ प्रकरण.

ती मुलगी चेंदणी कोळीवाड्यातली. आई मासळी विकते. वडील नाहीत, धाकटा भाऊ आठवीत. वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची आणि हसायची मात्र शेवटच्या बाकासारखी. बीके, म्हणजे बुक-कीपिंग, हा तिचा विषय. आमचे बीकेचे सर कुणाचं सहसा कौतुक करत नाहीत, पण हिच्याबद्दल म्हणायचे, हिची बॅलन्सशीट टॅली होते की नाही हे बघायची गरजच नसते. आईच्या उधारीची वही ती नववीपासून ठेवत होती. एकदा सर ‘क्लोजिंग स्टॉक’, म्हणजे शेवटी शिल्लक राहिलेला माल, शिकवत असताना ती म्हणाली, ‘सर, आमच्या धंद्यात क्लोजिंग स्टॉक नसतो. संध्याकाळी जे उरतं ते आम्ही खातो.’ वर्ग खो खो हसला. सरांनी ते स्टाफरूममध्ये येऊन सांगितलं, आणि मी लगेच वहीत टिपलं.

तिची ओळ अशी होती: ‘आईच्या धंद्यात पार्टनरचं ॲडमिशन. सोबत बीकॉम.’

बारावी कॉमर्सच्या बीकेत भागीदाराच्या प्रवेशाचं आख्खं प्रकरण आहे. नवा भागीदार आला की त्याने भांडवल आणायचं, जुन्यांच्या नावलौकिकाचा, म्हणजे गुडविलचा, मोबदला द्यायचा, मग नफ्याचं नवं प्रमाण काढायचं. तिने धड्याचं नाव उचलून आपल्या आयुष्याला लावलं होतं. मी खूश. माझी लेखणी सुटली. मी लिहिलेला पहिला मसुदा हा असा:

‘पहिल्या बाकावरची खळखळती खाडी. पहाटे चारला आईबरोबर उठते, तरी सातच्या तासाला डोळे टक्क उघडे. हिच्या वहीच्या पानांना खाऱ्या मासळीचा वास येतो आणि हिशोबात पैशाची चूक सापडत नाही. क्लोजिंग स्टॉक शून्य ठेवणारी ही मुलगी मनात मात्र बराच साठा करून आहे.’

दुसरं वाक्य साधं आहे. तिसऱ्यावर मी फिदा होते. नवऱ्याला वाचून दाखवलं, बहिणीला फोनवर ऐकवलं.

प्रूफं आली की प्रत्येक मुलाला त्याचं पान दाखवायचा आमचा रिवाज आहे. तिने तिचं पान शांतपणे वाचलं, माझ्याकडून पेन घेतलं आणि ‘पहाटे चार’ खोडून ‘पहाटे अडीच’ केलं. बाकी काही नाही. ‘छान आहे मॅडम’ म्हणाली आणि गेली.

दोन दिवसांनी दुपारी तिची आई आली. धंदा आवरून, अंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत अबोली. हातात प्रूफाची झेरॉक्स. ‘मॅडम, ह्ये छापू नका.’

शिपायाने खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत. मी त्यांना पाच मिनिटं थांबा म्हटलं आणि स्टाफरूममध्ये सल्ला घ्यायला गेले. ती पाच मिनिटं आमच्या सगळ्यांच्या डोक्यात काय होतं ते दाखवतात, म्हणून नीट नोंदवते. बीकेचे सर म्हणाले, ‘आईला सीए हवं असणार. पानावर धंदा बघून हादरली असेल.’ इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या, ‘साहजिक आहे, तिने डोक्यावर टोपली घेतली ती पोरीने घेऊ नये म्हणूनच ना?’ उपप्राचार्यांनी तोडगा काढला: ‘उच्च शिक्षण असं लिहा आणि मोकळ्या व्हा.’ आमच्या पुस्तिकेत दरवर्षी दहा-बारा मुलांच्या पुढे ‘उच्च शिक्षण’ असतं. त्याचा अर्थ साधारणपणे ‘अजून घरात भांडण चालू आहे’ असा असतो.

मला हा तोडगा पटला नाही. मुलीने स्वतः दिलेली ओळ आम्ही का बदलावी? मी ठरवलं की आईशी बोलायचं. बाहेर गेले आणि श्रमप्रतिष्ठेवर बोलू लागले. कुठलंही काम हलकं नसतं, तुमची मुलगी धंदा शिकलेल्या डोक्याने करेल, आजकाल एमबीए झालेली मुलंसुद्धा मासळीच्या धंद्यात पैसे घालतात, वगैरे. चांगली पाच-सात मिनिटं बोलले असेन. पहाटे अडीचपासून उभ्या असलेल्या बाईला मी काम हलकं नसतं हे समजावत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या:

‘मॅडम, धंदा लिवा की. धंदा केला म्हनून तर ती तुमच्या वर्गात बसली. वास कशाला लिवलात?’

मला काही सुचेना. त्या पुढे म्हणाल्या, ‘लगेजच्या डब्यात बसलो तरी मानसं नाकाला रुमाल लावतात. पोरीची वह्या-पुस्तकं मी वेगळ्या पेटीत ठेवते. माळ्यावर, वर. रोज रात्री हात लिंबानं धुते आनि मग तिच्या वहीला हात लावते. तिच्या वहीला वास नाय येत.’

वास खरंच येत नव्हता. मी दोन वर्षं तिच्या वह्या तपासल्या होत्या. त्यांना निळ्या शाईचा आणि प्लॅस्टिकच्या कव्हराचा वास यायचा, जसा सगळ्यांच्या वह्यांना येतो. वास मी घातला होता. कोळीवाडा, मासळी, वही हे तीन शब्द शेजारी आले आणि चौथा आपोआप आला. मराठी शिकवणाऱ्या बाईच्या हातून आलेला हा शब्द म्हणजे ‘नम्र’ आणि ‘मनमिळाऊ’चाच चुलतभाऊ. फक्त कपडे जरा बरे घातलेला.

संध्याकाळी मुलीला बोलावून विचारलं, तू प्रूफ वाचलंस तेव्हा का नाही बोललीस? वेळ दुरुस्त केलीस, वास का नाही खोडलास? ती जरा घुटमळली. ‘वेळ चुकली होती मॅडम. ते दुसरं तुम्हाला आवडलं होतं ना.’

प्रकरण म्हणून पाहिलं तर इथे एक गोष्ट अधोरेखित करावीशी वाटते. प्रूफ दाखवणं म्हणजे संमती घेणं, असं आम्ही धरून चाललो होतो. सतरा वर्षांची मुलगी, समोर क्लास टीचर, तोंडी परीक्षेचे गुण अजून टीचरच्याच हातात, आणि मजकूर प्रेमाने लिहिलेला. रागाने लिहिलेलं असतं तर ती कदाचित बोलली असती. लाडाने लिहिलेल्याला हरकत कशी घ्यायची हे कुणीच शिकवत नाही. चूक वस्तुस्थितीची असती तर तिला जागा होती, अडीचची जागा तिने घेतलीच. वासाला खोडायला ती जागा पुरली नाही.

दुसरी गोष्ट ‘सोबत बीकॉम’ या दोन शब्दांची. मी ते शेपटासारखे वाचले होते. तिने वही आणून दाखवली तेव्हा कळलं की सगळं गणित त्या दोन शब्दांत आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी असते, 61 दिवस. ताजी मासळी जवळजवळ थांबते, सुकट, सोडे, सुके बोंबील यांवर घर चालवायचं. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि पदवीच्या पहिल्या वर्षाची फी भरायची वेळ मेच्या शेवटी नाहीतर जूनमध्ये येते. म्हणजे कोळणीच्या घरात पैशाची आवक बंद होते त्याच पंधरवड्यात कॉलेजची खिडकी उघडते. 1 ऑगस्टला बंदी उठते तोवर श्रावण लागलेला किंवा दारात, आणि श्रावण सरला की गणपती. खरी कमाई सुरू व्हायला कधीकधी सप्टेंबर उजाडतो. हे मी ठाण्यात तीस वर्षं राहून कधी सलग मांडून पाहिलं नव्हतं. आमच्या घरात श्रावण म्हणजे साबुदाण्याची खिचडी.

तिने फेब्रुवारी ते मे अशा चार महिन्यांत दर आठवड्याला किती बाजूला टाकायचं याचा तक्ता केला होता. वर मथळा: ‘प्रोव्हिजन फॉर फी’. शेजारच्या पानावर घोडबंदर रोडच्या सोसायट्यांची यादी. आईची जुनी गिऱ्हाइकं नौपाड्यातून तिकडे मोठ्या घरांत राहायला गेली होती आणि मासळी ॲपवरून मागवू लागली होती. त्यांना व्हॉट्सॲपवर आदल्या रात्री विचारायचं, पहाटे धक्क्यावर तेवढाच माल उचलायचा, साफ करून, कापून, बर्फात घालून अकराच्या आत पोचवायचा. कापायचे पैसे वेगळे. आई ते आजवर फुकट करत आली होती. बीकेच्या सरांनी ती वही चाळली आणि चश्मा काढून पुसला. मग म्हणाले, ‘पार्टनर म्हणून येतेयस तर गुडविलचे पैसे कुठून आणणार?’ ती म्हणाली, ‘गुडविल आईचं आहे सर. मी गिऱ्हाइकांची यादी आणतेय.’

सरांनी मान हलवली. त्यांच्या लेखी हे उत्तर पुस्तकाप्रमाणे चूक होतं, असं ते मला नंतर म्हणाले.

शेवटी पान पुन्हा लिहिलं. या वेळी मी लिहिलं नाही, तिघींनी मिळून लिहिलं, तिच्या आईसकट. त्या दुसऱ्या दिवशी परत आल्या होत्या आणि या खेपेला बसल्या. छापून आलं ते असं:

‘पहाटे अडीचला आई धक्क्यावर निघते तेव्हा ही दाराची कडी लावायला उठते, मग झोपत नाही, हिशोब करते. चार वर्षांच्या उधारीच्या वहीत एकही आकडा गिरवलेला नाही. वर्गात क्लोजिंग स्टॉकवरून सगळ्यांना हसवलं आणि पेपरात त्याच प्रश्नाला पूर्ण गुण घेतले. पुढे काय: आईच्या धंद्यात पार्टनरचं ॲडमिशन. सोबत बीकॉम.’

‘आईच्या धंद्यात’ हे शब्द काढावे का, असं मी विचारलं होतं. आई म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ द्या. मीच मालक हाय.’

वाङ्मय म्हणून पाहिलं तर हे पान पहिल्यापेक्षा सपाट आहे, आणि अजूनही मला मधेच ती खळखळती खाडी आठवते. पण त्या दिवशी घरी जाऊन मी उरलेली सगळी शब्दचित्रं पुन्हा वाचली. मुंब्र्याच्या मुलाच्या पानावर मी ‘अत्तरासारखा’ लिहिलं होतं. वाड्याकडून येणाऱ्या वारली मुलीच्या पानावर ‘रानवारा’. गोविंदाच्या पानावर, खोटं कशाला बोलू, ‘दगडी’. डीटीपीवाल्याला रात्री साडेदहाला फोन केला. त्याने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि प्रत्येक दुरुस्तीचे वीस रुपये लावले. ते मी माझ्या खिशातून भरले.

निकाल 5 मेला लागला. तिला बीकेत शंभरपैकी अठ्ठ्याण्णव पडले. प्रात्यक्षिकाचे वीसच्या वीस होते, म्हणजे दोन गुण लेखीत गेले. ते कुठे गेले याचा शोध ती आणि सर अजून घेत आहेत. जूनमध्ये तिने बीकॉमला प्रवेश घेतला, फी वेळेत भरली. ढोलवाल्याचा फाउंडेशनचा पहिला प्रयत्न हुकला, दुसऱ्याची तयारी चालू आहे. गोविंदा अठरा वर्षांचा झाला. कॅनडावाला भिवंडीच्या एका गोदामात स्टॉक मोजतो आणि मामाला फोन करतो.

पुस्तिकेच्या रीतीत आम्ही एक बदल केला. जानेवारी 2026 च्या फॉर्मवर ‘पुढे काय’ ही ओळ आहेच. डिसेंबरमध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, त्यामुळे यंदा तिथे ‘ग्राउंड स्टाफ’ बरंच दिसतं. ‘पुढे काय’च्या खाली एक नवी ओळ घातली: ‘हे पान घरी कोण वाचणार?’ प्रूफही आता मुलाच्या हातात देऊन समोर उभं राहत नाही. दोन दिवस घरी नेऊ देतो आणि परत आलं की पाकिटातून घेतो.

पहिला भरलेला फॉर्म कळव्याच्या एका मुलाचा आला. नव्या ओळीत त्याने लिहिलं होतं: ‘आजी. तिला चाळिशी आहे, अक्षर मोठं हवं.’ डीटीपीवाल्याला सांगितलं तर म्हणाला, मॅडम, एकाच पानावर दोन साइज वाईट दिसतील. मग सगळी पुस्तिकाच अठरा पॉइंटात लावली. पानं दुप्पट झाली.